आसगावच्या खळ्यावर ऐकलेलं भाषण

धान कापणीचे दिवस आले की आमच्या एकोडी गावच्या सकाळींना एक वास येतो. दवानं भिजलेल्या तणसाचा, ताज्या कापलेल्या धसकटांचा आणि बांध्यांमधून आटत चाललेल्या चिखलाचा तो एकत्र वास असतो. धानाच्या शेताच्या एकेका चौकटीला आमच्याकडे बांधी म्हणतात. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर फुललेली असते, कुठे शेंगाही धरलेल्या असतात. धान उभं असतानाच त्यात फेकलेली लाखोरी धसकटांमधून हिरवी वर आलेली असते. एक पीक निघायच्या आत दुसरं पायाशी उभं. मी नागपूरला वेबसाइटी बनवायचं काम करते. वर्षभर खिडक्या बंद असलेल्या ऑफिसात बसते. पण या दिवसांत चार सुट्ट्या जोडून गावी येतेच.

यंदाही आले आहे. बाबा सकाळीच बांधीवर गेले. मी ओसरीत चहा घेत बसले आणि तो वास आला. मला दरवर्षी वाटतं की या वेळी फक्त वासच येईल. पण त्याच्यामागून ती कापणी येतेच, आम्ही भंडाऱ्यात कॉन्फरन्स भरवली होती त्या वर्षीची.

कॉन्फरन्स ही प्रमोदची कल्पना. प्रमोद माझा कॉलेजातला मित्र, चिखल्याचा. त्याचे वडील मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली काम करायचे. सुरुंगांच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते, त्यामुळे त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. प्रमोद फोनवर बोलायला लागला की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत. ऐकायचा मात्र त्याला धीर नव्हता. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आलं की उरलेलं तोच बोलून टाकायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर बोलायचा.

"पुन्यात होते, बंगलोरले होते, मंग भंडाऱ्यात काहून नाही होनार?" तो म्हणाला होता. "आपल्याच जिल्ह्यातले किती इंजिनिअर बाहेर मोठमोठं काम करून राहिले. त्यायले बोलावू. इथल्या पोरायले ऐकू दे नं, वेबसाइटीच्या मांगं काय काय असते ते."

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते विळ्याला धार लावत होते. "म्हंजे एक जन बोलनार आन् बाकीचे ऐकनार?"

"हो."

"आन् मधात जेवन?"

"हो बाबा."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा धार लावू लागले.

कॉलेजांना परीक्षा होत्या, म्हणून सभागृह मिळालं नाही. शेवटी एक मंगल कार्यालय ठरलं. वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्या बाजूला सारून तिथं पडदा लावायचा, असं प्रमोदनं जाऊन बघून ठरवलं. बोलणारे तीनचार जण मिळाले. पण प्रमोदला हवा होता तो माणूस एकच, सुधाकरदादा.

सुधाकरदादा आसगावचे, पवनीकडचे. आमच्याहून बरेच मोठे. शेती त्यांचे थोरले भाऊ बघायचे आणि दादा हैदराबादला एका मोठ्या कंपनीत होते. एकाच वेळी अगणित माणसं ज्या वेबसाइटवर येतात ती कोलमडू नये, यासाठी लागणारं सगळं ते बांधायचे. त्यांनी बांधलेल्या गोष्टींवर इतरांनी मोठमोठ्या मंचांवर भाषणं केली होती. दादांनी एकही केलं नव्हतं. ते बोलताना अडखळत. नुसते अडखळत नसत, एखाद्या शब्दाशी येऊन पूर्ण थांबत. ओठ हलत, मानेची शीर वर येई, आणि शब्द बाहेर येत नसे. समोरचा माणूस मग दयेनं किंवा घाईनं तो शब्द त्यांच्या वतीनं बोलून टाकी. दादा मान हलवत. कधी तो शब्द त्यांना हवा असलेला नसायचाही. तरी ते मान हलवत.

प्रमोदनं त्यांना फोन केला तेव्हा मी शेजारी होते.

"मले ना... नाही जमत गा," दादा म्हणाले.

"काहून नाही जमत?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. प्रमोद तोंड उघडत होता आणि मी त्याचा हात दाबून धरला होता. मग दादा म्हणाले, "मराठीत बोललो त चालंल का?"

"चालंल का म्हंजे? पळंल," प्रमोद म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान दिवाळीआधीच निघून गेलं होतं. उशिरा येणारं भारी धान कापून कडपा पसरलेला होता. कापलेलं धान वाळावं म्हणून बांधीतच आडवं करून ठेवतात, तो कडपा. ते दोनतीन दिवस सगळ्या गावाची नजर वर असते. आभाळ स्वच्छ होतं. दादा दिवाळीला म्हणून आलेले, ते कापणीसाठी आणि आमच्यासाठी थांबले होते. कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना आसगावला बोलावलं. म्हणाले, एकदा बोलून बघतो.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खळ्यावर हलक्या धानाचं एक पुंजणं, भाऱ्यांची गंजी, रचलेलं होतं, आणि त्याच्या कडेला वहिनी सुपानं धान पाखडत बसल्या होत्या. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. दादांची आई लवकर गेली. लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनींनीच त्यांना सांभाळलं. त्यांनी आम्हाला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मोठे भाऊ बैलं बांधायला गेले होते. ऐकणारे आम्ही तिघंच.

दादा पुंजण्याला पाठ लावून उभे राहिले. प्रमोदनं रेकॉर्ड करायला मोबाइल वर धरला.

"न... नको गा," दादा म्हणाले. "आज चुकन. उद्या करजो."

प्रमोदनं मोबाइल खिशात ठेवला. त्यात वावगं काहीच नव्हतं. उद्याला दोन कॅमेरे येणार होते.

आणि दादा बोलले.

विषय असा होता, की वेबसाइटनं माणसाची वाट किती वेळ पाहावी. आमच्या कामात ही रोजची गोष्ट आहे. कुणी पान उघडून बसलं आणि बराच वेळ काही केलं नाही, की मागचं यंत्र त्याला सोडून देतं. पडद्यावर येतं, तुमची वेळ संपली. ही मुदत आम्हीच ठरवतो. एक आकडा लिहून ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. मीही कितीदा तो लिहिला आहे. तो लिहिताना समोर कुणी माणूस आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

दादांनी एका बाईची गोष्ट सांगितली. हैदराबादला सुरुवातीच्या काळात त्यांनी एका अर्जाचं काम केलं होतं. मुलीच्या शिक्षणासाठी एक बाई तो अर्ज भरायची. एकेक अक्षर शोधून टाइप करायची. अर्ध्यात यायची, की वेळ संपायची आणि लिहिलेलं सगळं जायचं. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिची तक्रार ऑफिसात आली तेव्हा सगळे म्हणाले, वेबसाइट बरोबर आहे, बाईच हळू आहे.

"मी काही बो... बोललो नाही," दादा म्हणाले. "मीटिंग संपली. सगळे चहाले गेले. मी बसलो. मले मालूम होतं, अर्ध्यात आलं का कोनी तोडलं, त का होते ते."

मग त्यांनी ते कसं बदललं ते सांगितलं. लिहिलेलं प्रत्येक अक्षर त्याच क्षणी जपून ठेवायचं. माणूस कितीही वेळानं परत आला तरी त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावायचं नाही. आणि वेळ संपली असं न सांगता, तुम्ही इथपर्यंत आला होता, असं सांगायचं. मागच्या यंत्रावर त्याचा भार पडतो. तो कसा वाटून घ्यायचा, कुठे माघार घ्यायची, कुठे हट्टानं थांबायचं, हे सगळं त्यांनी हातातल्या काडीनं खळ्याच्या शेणसारवणावर रेघा ओढत सांगितलं. एवढी अवघड गोष्ट इतकी सोपी होऊन मी तेव्हा प्रथमच ऐकली.

ते अडखळत होते. मोकळ्या हवेत, आपल्या बोलीत बोलताना माणसाचं अडखळणं जातं, असं काही झालं नाही. उलट मधे एका शब्दापाशी ते सगळ्यांत जास्त थांबले. प्रमोदला तो शब्द माहीत होता. मलाही माहीत होता. प्रमोदनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. वहिनींचं सूप हवेत थांबलं. लांब कुणीतरी बैलांना हाकारत होतं. आणि मग तो शब्द आला. आम्हाला वाटला होता तो नव्हता, वेगळाच होता, आणि तोच बरोबर होता. वहिनींनी सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली.

बोलून झाल्यावर टाळ्या वाजवायचं आम्हाला सुचलं नाही. वहिनी म्हणाल्या, "उद्या अस्संच बोलजा भाऊजी. पानी पेत पेत बोलजा."

"त्या बाईचं मंग का झालं?" त्यांनीच थोड्या वेळानं विचारलं.

"भ... भरला तिनं अर्ज," दादा म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.

परतीच्या वाटेवर प्रमोद गाडी चालवत होता आणि पवनी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालय भरलं. लग्नाच्या पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्यांवर लाखनी, साकोली, पवनी, तुमसरची पोरं-पोरी गळ्यात नावाची पट्टी अडकवून बसली होती. पुण्याहून आलेले एक इंजिनिअर चांगलं बोलले, नागपूरची एक मुलगी त्यांच्याहून चांगलं बोलली. दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचं भाषण जेवणानंतर होतं.

जेवणाच्या आधीच खिडक्यांतला उजेड बदलला. ऊन असं गेलं, की कुणीतरी दिवे लावले. मग फोन वाजायला लागले. आधी मागच्या रांगेत एक, मग मधे दोन, मग सगळीकडून. मंचावर बोलणारी मुलगी थांबली. त्या फोनवर काय सांगितलं जात होतं हे कार्यालयातल्या प्रत्येकाला कळत होतं. ढग आले, कडपा पडून आहे, निघून ये. भिजलेल्या कडप्याला कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, आणि चार महिन्यांची मेहनत कुणी विचारत नाही. पोरं खुर्च्यांमधून वाकून बाहेर पडू लागली. काहीजण आमच्याकडे बघून ओशाळं हसत होती.

दादांचाही फोन वाजला. मोठे भाऊ होते. दादांनी ऐकलं, फोन ठेवला आणि बाटली खुर्चीवर ठेवून उभे राहिले.

प्रमोद धावत आला. "दादा, थांबा. जेवन मंग करू. तुमी आता बोलून घ्या आन् मंग जा. थोडंसंच बोला."

दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थो... थोडंसं मले येत नाही गा," ते म्हणाले. "आन् भाऊ एकटा आहे तिकडं."

प्रमोदनं माझ्याकडे बघितलं. बाबांचं धान पुंजण्यात गेलं होतं, मला कुणी बोलावत नव्हतं. मी म्हटलं, "मी जाते दादांसंगं. हात लागतीन तेवढे कमीच."

दादांच्या गाडीत पवनीकडची पोरंही कोंबून बसली. वाटेत पाऊस सुरू झाला. टपावर तो असा वाजत होता, की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. मागे बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "दादा, तुमी कशावर बोलनार होते?"

दादांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "पु... पुढच्या वर्षी सांगीन," ते म्हणाले.

आसगावला पोचलो तेव्हा मोठे भाऊ आणि वहिनी डोक्यावर पोतं घेऊन कडपा गोळा करत होते. आम्ही बुटांसकट बांधीत उतरलो. ओलं धान हाताला कापतं. कवेत धरलं की गार पाणी छातीवरून ओघळतं. आम्ही भारे बांधले, वाहिले, ताडपत्रीखाली ढकलले. ज्या पोरांचं गाव पुढं होतं तीही थोडा वेळ थांबून हात लावून गेली. त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्या चिखलानं भरल्या, नावं पुसली. दादांचा इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटला होता, आणि ते सगळ्यांत मोठा भारा उचलत होते. निम्म्याहून थोडं जास्त धान वाचलं. बाकीचं पाण्यात राहिलं.

संध्याकाळी वहिनींनी चुलीपाशी बसवून चहा दिला. कॉन्फरन्सचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही. मला खरोखर वाटत होतं, की एक वर्ष म्हणजे किती.

पुढच्या वर्षी ते मंगल कार्यालय लग्नांनी आधीच भरलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी प्रमोदला परदेशी नोकरी लागली. जाण्याआधी तो म्हणाला, "एकदा करूच नं शालू, दादासाठी तरी." तसं आम्ही अजूनही फोनवर म्हणतो. आता त्याचा आवाज पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही, समोरच्याचं पूर्ण ऐकून मग बोलतो. ते चांगलंच आहे, पण मला जुना प्रमोद आठवतो. मधल्या काळात हैदराबादच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यांत दादाही आले. ते आसगावला परत आले आणि भावाबरोबर शेती करू लागले. दुसरी नोकरी त्यांना मिळाली असती. पण नोकरीसाठी मुलाखत द्यावी लागते, आणि मुलाखतीत पटापट बोलावं लागतं.

नागपूरला कामाच्या टेबलावर मुदतीचा तो आकडा लिहायची वेळ आली, की मी थांबते. दादांनी सांगितलं होतं तसं करायचा प्रयत्न करते. तांत्रिक भाग मला येतो, तो पुस्तकांतही मिळतो. पण सोबतच्या पोरांना मी ते समजावून सांगते तेव्हा ती नुसती मान हलवतात. मी सांगते ते सगळं बरोबर असतं, आणि तरी खळ्यावर ऐकलं होतं ते त्यात नसतं.

मागच्या महिन्यात मला पुण्याच्या एका मोठ्या कॉन्फरन्सचं बोलावणं आलं. विषय तुमच्या आवडीचा, असं त्यांनी कळवलं. म्हणून परवा मी बाबांची गाडी घेऊन आसगावला गेले.

आता कडपा फारसा कुणी करत नाही. दादांच्या बांधीत हार्वेस्टर फिरत होतं. एका बाजूनं उभं धान आत जात होतं आणि मागून तणीस पडत होती. दादा धुऱ्यावर उभे होते. केस पांढरे झालेत, अंगानं भरलेत, उन्हानं काळे झालेत. मला बघून त्यांना खूप आनंद झाला. आम्ही धुऱ्यावरच बसलो. वहिनी तुरीच्या ओल्या शेंगा तोडत होत्या.

मी म्हटलं, "दादा, पुण्याले बोलावलं आहे मले. ते तुमचं वाट पाहन्याचं भाषण आहे नं, ते तुमीच चला आन् बोला. मी त्यायले सांगते."

दादांनी हसून मान हलवली.

"मंग मले सांगा परत. मी लिहून घेते. तुमच्या नावानं वाचते."

ते उठून उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि समोर, कापून मोकळ्या झालेल्या बांधीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मी वाट पाहिली. हार्वेस्टर एक फेरा पुरा करून वळलं. ते अडलेत, असंच मला वाटत होतं. शब्द येईल, नेहमी येतो.

मग ते खाली बसले.

"नाही आठवत वं शालू," ते म्हणाले. या वेळी ते अजिबात अडखळले नाहीत. "त्या बाईचं आठवते. बाकी कसं कसं होतं, ते गेलं."

वहिनींनी ओच्यातल्या शेंगा माझ्या पिशवीत ओतल्या. "तेवा दिवाळीपासून घोकत होते," त्या म्हणाल्या. "बैलायपुढं उभं राहून बोलत. आता कोनाले सांगाचं म्हनून घोकतीन?"

दादांना हार्वेस्टरच्या ड्रायव्हरनं हाक मारली, ते गेले. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. घरी आल्यावर, त्या संध्याकाळचं जेवढं आठवतं तेवढं कागदावर उतरवलं. काडीच्या रेघा, सूप, बैलांचा हाकारा, सगळं आलं. ज्या शब्दापाशी ते सगळ्यांत जास्त थांबले होते, आणि जो आम्हाला वाटला होता त्याहून वेगळा निघाला, तो शब्द मात्र आला नाही. प्रमोदला फोन करून विचारलं. त्यालाही आठवत नाही.

पुण्याला मी जाईन. दुसऱ्या एखाद्या विषयावर बोलेन, बरं बोलेन, लोक टाळ्या वाजवतील. बोलणारे सगळेच तिथं हुशार असतील आणि ऐकणारेही. आपल्याला काय ऐकायला मिळालं नाही, हे त्यांच्यातल्या कुणालाच कळणार नाही.